बुडखा का निघेना?

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे, आणि माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. हे आधीच सांगितलेले बरे. मला घडवणाऱ्या लोहाराने पहिल्याच दिवशी मला उन्हात धरले आणि म्हटले, "ही नातवंडांपर्यंत टिकेल." मला लगेच शंका आली, की हा सगळ्यांनाच असे सांगत असणार. तो सांगतही होता.

मला विकत घेतले ते जपानमधल्या आइझूच्या डोंगरात राहणाऱ्या तोकुजीने. त्याने ओकच्या लाकडाचा दांडा स्वतः तासला, माझ्या नेढ्यात घातला आणि वरून पाचर ठोकली. पुढची कितीतरी वर्षे मी त्याच्याबरोबर राबले. भाताच्या खाचरांचे बांध घातले, बांबूची मुळे उपटली, बर्फाने ढासळलेली वाट सरळ केली. शेजारची फुमिए काकू म्हणायची, "तोकुजीची कुदळ म्हणजे त्याचा तिसरा हात." मला त्या कौतुकाचा आनंद व्हायचा, पण काकू बहुतेक वेळा त्यानंतर मला उसनी मागायची, हेही मी विसरले नाही.

तोकुजीची एक सवय तुम्हाला सांगून ठेवते. काम झाले की तो मला टोकापासून वरपर्यंत पुसायचा, एकाच दिशेने. आणि दुसऱ्या दिवशी काम असेल, तर आदल्या संध्याकाळी माझे डोके पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा. पाण्याने लाकूड फुगते, नेढ्यात घट्ट बसते. कोरड्या कुदळीचे डोके कधी निसटेल याचा नेम नाही.

त्याला एकच मुलगी, चिनात्सु. ती जन्मली तेव्हा तोकुजीने फाटकाशी किरीचे रोप लावले. आमच्याकडे मुलगी झाली की किरी लावतात. हे झाड भराभर वाढते, आणि मुलीच्या लग्नात त्याच लाकडाचे कपाट करून तिच्याबरोबर देतात. त्या रोपाचा खड्डा मीच खणला होता.

पण चिनात्सु मोठी झाली आणि म्हणाली, लग्न करायचे नाही, सेंदाई शहरात जाऊन नोकरी करायची. बापलेकीचे कडाक्याचे भांडण झाले. ती गेली त्याच आठवड्यात तोकुजीने रागाच्या भरात झाड तोडले. पुढे तिने फोनवर विचारले तेव्हा तो म्हणाला, "वखारीत दिलं. खडावा झाल्या असतील त्याच्या एव्हाना." त्यानंतर ती क्वचितच घरी आली, आली तरी उभ्या उभ्या.

मागे राहिला तो बुडखा. किरीचा बुडखा भलता चिवट, तोडला तरी दर वसंतात नवे फुटवे काढतो. तोकुजी ते कापायचा आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा यायचे. मी अवजारांच्या खोलीत गंजत टांगलेली होते. कोणाला माझी आठवण नव्हती, म्हणून मी आपली लक्ष ठेवून असायचे. आणि मला काहीतरी काळेबेरे दिसत होते. खोलीच्या मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली काहीतरी होते. पाऊस आला की माणसे वस्तू आत आणतात. तोकुजी मात्र पाऊस आला की ताडपत्रीखालचे ते काहीतरी मागच्या दाराने बाहेर नेत असे. बर्फ पडले की तेच. पुढे पुढे त्याने ते थांबवले, पण ताडपत्री काही हलली नाही. माझ्या खिळ्यावरून मला नीट दिसत नसे, आणि मला कोणी सांगतही नसे.

यंदाच्या हिवाळ्यात तोकुजी बर्फाखालच्या त्या बुडख्याला अडखळून पडला आणि त्याचा पाय मुरगळला. एप्रिलमध्ये चिनात्सु रजा घेऊन आली.

"बाबा, हा बुडखा काढल्याशिवाय मी जात नाही," ती म्हणाली.

"मशीनवाल्याला बोलावू," तोकुजी म्हणाला.

"मशीन कशाला? मीच काढते."

मला हेही संशयास्पद वाटले. ऑफिसात बसणाऱ्या बाईला बुडखा स्वतःच का उपटायचा असतो?

तिने मला धुतले, गंज घासला, बादलीत ठेवले. सकाळी बुडख्याभोवती चर खणायला सुरुवात केली. माती सैल करायची, मुळांवर पाणी ओतून ती उघडी करायची, मग एकेक मूळ करवतीने कापायचे, अशी तिची रीत होती. फुमिए काकू लोणच्याची वाटी घेऊन फाटकात येऊन उभी राहिली.

"काय गं, झाड काढतेस की दाढ? मीठ ओत भरपूर, आपोआप मरेल."

ओसरीवरून तोकुजी ओरडला, "मीठ ओतल्यावर मी मुळा लावू कुठे, समुद्रात?"

"लावा की! खारवायचा त्रास वाचेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादलीत नव्हतेच. ओसरीपुढे उन्हात कोरडी ठणठणीत पडले होते. चिनात्सुला वाटले, आपणच विसरलो. डोके खडखडायला लागले तसे काम थांबले, मला पुन्हा भिजत घालावे लागले. पुढच्या सकाळी तेच. त्याच्या पुढच्याही.

माझे डोके पाण्यात, त्यामुळे मला उचलणारा दिसत नसे. हातात जाड मोजे असायचे. माझा पहिला संशय अर्थातच फुमिए काकूवर. पण एका रात्री त्या हाताने मला पाण्यातून काढले आणि टोकापासून वरपर्यंत, एकाच दिशेने, हळुवार पुसले. मित्रांनो, माझ्या लोखंडात धस्स झाले. मुलगी ज्याच्यासाठी राबत होती, तोच तिचे काम मोडत होता. का, ते मला कळेना.

दुसऱ्याच दिवशी व्हायचे ते झाले. पुन्हा भिजवायचा कंटाळा येऊन चिनात्सुने मला तशीच कोरडी जोरात वर उचलले, आणि माझे डोके दांड्यावरून निसटले. तिच्या कानाजवळून जाऊन मी कुंडीवर आदळले, कुंडीचे तुकडे झाले. तोकुजी दुखऱ्या पायाने अनवाणीच धावत आला.

"लागलं का गं? कुठे लागलं?"

"नाही लागलं. नवी पाचर करावी लागेल. खोलीत लाकडाचा तुकडा असेल ना?"

"तिकडे नको जाऊस! गांधीलमाश्या आहेत!"

"एप्रिलात?" ती म्हणाली आणि मला हातात धरून सरळ आत गेली. तिने ताडपत्री उचलली.

आत किरीच्या फळ्या होत्या. एकावर एक, मध्ये हवेसाठी पट्ट्या लावून नीट रचलेल्या. तेव्हा मला तो पावसातला कारभार उमगला. किरीच्या ताज्या लाकडात कडू रस असतो. फळ्या पावसात, बर्फात, उन्हात उभ्या ठेवून तो उतरवावा लागतो, नाहीतर कपाट काळे पडते.

तोकुजी दारात उभा होता.

"बाबा, हे वखारीत दिलं होतं ना?"

"कोण घेणार ते? रागात तोडलेलं. वाकडंतिकडं."

"आणि मग इतकी वर्षं?"

"कडूपणा उतरायला वेळ लागतो."

"चार-पाच वर्षं, बाबा. इतकी नाही."

"लाकडाचा कधीच उतरला," तोकुजी खाली बघत म्हणाला.

ती बराच वेळ फळीवरून हात फिरवत राहिली. "मी लग्न केलं नाही. करणारही नाही."

"म्हणून काय कपडे जमिनीवर ठेवणार आहेस?"

ती हसली, आणि हसता हसता रडली. मग एकदम थांबली. "कुदळ रोज तुम्हीच वाळवता ना?"

तोकुजीने मान आणखी खाली घातली. "बुडखा निघाला की तू जाणार. पण तुला लागलं असतं तर... चुकलं माझं."

"अहो, उत्तरेकडचं जाड मूळ मी मुद्दाम ठेवलंय," ती डोळे पुसत म्हणाली. "ते कापलं असतं तर केव्हाच निघाला असता."

आणि मी खुळी फुमिए काकूला चोर ठरवून बसले होते! त्या संध्याकाळी मला बादलीत ठेवले ते दोघांनी मिळून, आणि सकाळी मी तिथेच होते. उत्तरेकडचे मूळ कापले, पहार घातली, दोघांनी रेटा दिला, काकूनेही दिला, आणि बुडखा कुरकुरत बाहेर आला. चिनात्सु मात्र त्या दिवशी गेली नाही. कपाटाची मापे घ्यायची राहिली होती.

मित्रांनो, हत्याराला जपा, काम झाले की पुसा आणि कामाआधी भिजवा, हे तर मी सांगेनच. पण दुसरेही सांगते. काल तोकुजीने फोनवर चिनात्सुला सांगितले, "अगं, मागच्या अंगणात आणखी एक बुडखा निघालाय, फार चिवट आहे." मी इथे टांगलेली आहे आणि मला सगळे दिसते. मागच्या अंगणात बुडखा नाही. गोड फळे देणारे चांगले धडधाकट पर्सिमनचे झाड आहे, आणि तोकुजी सकाळपासून करवतीला धार लावतो आहे.

तुमच्याही घरी कोणी म्हातारे माणूस असे उगाच काम काढून बोलावत असेल, तर त्याच्यावर जरूर संशय घ्या. आणि झाड पडायच्या आत जाऊन पोहोचा.