कापसाचा बोळा

नर्सने सुई उपसली, कापसाचा बोळा टेकवला आणि म्हणाली, "दाबून धरा जरा. रक्त गोठण्याचा आकडा वाढलाय, म्हणून रक्त पुन्हा तपासायला नेतेय."

छोटीच्या आईने नणंदेच्या कोपराच्या खळगीत अंगठा रोवला. आकडा वाढला म्हणजे रक्त गोठायला वेळ लागतोय, एवढं तिला आता तोंडपाठ होतं. याच आकड्याने तिला बाद केलं होतं. लेकीला लिव्हरचा तुकडा द्यायला आधी तीच उभी राहिली, तर मोठे डॉक्टर म्हणाले, तुमचं रक्त नीट गोठत नाही, ऑपरेशननंतर रक्तस्राव होईल. मग नणंद पुढे झाली, आणि काल तिचं पोट उघडलं गेलं.

आता हिचंही रक्त आपल्यासारखंच झालं. क्षणभर तिला बरं वाटलं. लगेच तिने जीभ चावली आणि नणंदेच्या पोटातून निघालेल्या नळीकडे पाहिलं. कालच्यापेक्षा लाल दिसतेय का?

सासूबाई उशाशी बसल्या होत्या. "माझी लेक वाघीण आहे हो," त्या नर्सला सांगत होत्या. "छोटीच्या आईचं रक्तच पातळ, तर ती बिचारी काय करणार!"

बिचारी. पोटात वाढवली तिने, तापात मांडीवर घेऊन जागली ती, आणि लेकीच्या अंगात जन्मभर मुक्काम आत्याचा. सकाळी काचेपलीकडे छोटीने डोळे उघडले तेही "आत्या कुठेय?" म्हणतच. ऑपरेशनला जाताना नणंदेने थट्टा केली होती, "वहिनी, उद्यापासून छोटीने हट्ट केला तर बोल मला लावायचा हं!" सगळे हसले होते. हसण्यापुरते दात तिनेही दाखवले होते.

सासूबाई नातीला काचेतून बघायला उठल्या, नर्सही गेली. नणंदेचे डोळे मिटलेले होते. तेवढ्यात शिकाऊ डॉक्टर पडदा सारून आत आला.

"घाबरू नका. लिव्हर कापलं की हा आकडा सगळ्यांचाच चढतो. नुसत्या त्यावरून कोणाला रक्तस्राव होईल ते कळत नाही. म्हणून दुसऱ्या मशीनवर गुठळी कशी धरतेय ते बघतो. पहाटेचा आलेख छान आलाय. आता फक्त खात्री करायची."

"मग मला कसं नुसत्या आकड्यावरून बाद केलंत?" तिचा आवाज चढला.

"तुम्हाला?" त्याच्या कपाळावर आठी पडली. "तुमच्या चाचण्या मीच केल्या होत्या. आकडा काय, आलेख काय, दोन्ही एकदम नॉर्..."

तो थांबला. गळ्यातला स्टेथोस्कोप त्याने उगीचच सारखा केला. "मोठ्या डॉक्टरांशीच बोला तुम्ही," असं पुटपुटत तो बाहेर पडला.

तिचा अंगठा बोळ्यावर आणखी रुतला. तिला मोठ्या डॉक्टरांची दार लोटलेली खोली आठवली. आत ते दोघंच. "मनापासून तयार आहात ना?" त्यांनी विचारलं होतं. ती "हो" म्हणाली होती, आणि म्हणता म्हणता हातातल्या पेल्यातलं पाणी तिच्या मांडीवर सांडलं होतं. त्यांनी पेला अलगद काढून घेतला होता. "बघू. रक्ताची चाचणी येऊ दे आधी."

चाचणी आली. तिचं रक्त नीट गोठत नाही, असं त्यांनी सगळ्या घरासमोर सांगितलं. ती सगळ्यांदेखत ढसाढसा रडली. आणि त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, तिला गाढ झोप लागली होती.

"वहिनी," नणंद डोळे न उघडताच म्हणाली, "किती दाबतेस गं! थांबलं असेल की आता."

नणंदेने किती ऐकलं, काही कळेना. तिने बोळा उचलून पाहिला. सुईच्या जागी एक कोरडा ठिपका उरला होता. तिने बोळा पुन्हा तिथेच ठेवला, या खेपेला हलक्या हाताने.

"राहू दे अजून थोडं," ती म्हणाली.