अर्ध्या ठोक्याचा उशीर

कार्यक्रम दुपारी तीनचा होता, आम्ही बारालाच सभागृहावर पोचलो आणि पोचल्या पोचल्या मी स्पीकरच्या पेटीवर बसकण मारली. अडुसष्टाव्या वर्षी माणसाने जिन्याने पेट्या चढवू नयेत. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण तो गिटार खांद्याला लावून मिरवत होता. त्याच्या वाट्याला कौतुक आणि माझ्या वाट्याला पेट्या, ही आमची वाटणी चाळीस वर्षं अशीच आहे. तो ब्लूज गिटार वाजवतो आणि मी त्याच्या मागे उभा राहून बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवतो.

पण खरं सांगतो, मला दमवलं होतं ते दादाने. दोन वर्षांपूर्वी आमच्या ड्रमवाल्याचे गुडघे गेले आणि तो मुलीकडे राहायला गेला. तेव्हापासून मंचावर आम्ही दोघंच. ब्लूज म्हणजे बारा घरांचा फेरा. एकेका घरात चार ठोके, बारावं घर संपलं की परत पहिल्या घरी. हे आम्हाला झोपेतसुद्धा जमायचं. पण ड्रमवाला गेल्यावर दादा पहिल्या घरी परतायच्या वळणावर मागे पडू लागला. मी पहिल्या घरात पाऊल टाकायचो आणि हा अर्ध्या ठोक्याने मागून यायचा. वयाने मोजणी सुटते, त्याला कोण काय करणार? मी कुणाला बोललो नाही. वळण आलं की बेस जरा ठासून वाजवायचो, म्हणजे त्याला वाट सापडावी. घरी बायको म्हणायची, पुरे करा आता. मी म्हणायचो, मी थांबलो तर तो उघडा पडेल. लोकांचं काय जातंय? त्यांना तो उशीर म्हणजे म्हातारपणी आलेली नजाकत वाटायची.

आज दादाबरोबर दुसरी गिटार वाजवणार होती त्या बाईने तर तो उशीर गिरवून गिरवून बसवला होता. वय बत्तीस, काम लिफ्टा दुरुस्त करण्याचं, आणि दादाची निस्सीम भक्त. आमच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग ऐकून तिने वह्या भरल्या होत्या. दादाने एकदा तिचं वाजवणं ऐकलं आणि एक अख्खा कार्यक्रम दोघांनी मिळून करायचं ठरवून टाकलं. सकाळची पाळी संपवून ती थेट कामाच्या कपड्यांतच आली, अंगठ्याला काळं ग्रीस तसंच. मी तिला लिफ्टवाली म्हणायचो, ती मला काका म्हणायची. कानामागून आली आणि तिखट झाली असं वाटायला हवं होतं, पण मला तिला बघून हायसं वाटलं. तिची मोजणी पक्की होती. तिने आज दादाला सांभाळून घेतलं, तर संध्याकाळी मी त्याला सांगणार होतो की यापुढे ही तुझ्याबरोबर आणि मी घरी. वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं.

पहिली दोन गाणी छान गेली. दादा तिच्याकडे तोंड करून बसला होता. तो एक ओळ वाजवायचा, ती तिला उत्तर द्यायची, आणि थोड्या वेळाने त्याने चक्क डोळे मिटून घेतले. तिसऱ्या गाण्यात फेरा संपला, मी नेहमीसारखा ठासून पहिल्या घरात गेलो आणि तिथे मी एकटाच होतो. ते दोघं अजून मागच्याच घरात रेंगाळत होते. मी मनात म्हटलं, झालं, याने हिलाही बिघडवलं. तेवढ्यात दादाने दचकून डोळे उघडले, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि तिला सोडून माझ्या मागे आला. तीही आली, अर्ध्या ठोक्याने. समोरच्या रांगेतून टाळ्या पडल्या.

पुढच्या फेऱ्याला मी तिच्या बुटावर नजर ठेवली. ती पायाने ठोके देत होती. बुटाबरोबर मी घरं मोजत गेलो, एक, दोन, तीन. माझा हात वळायला निघाला तेव्हा बुटाचं अकरावं घर संपत होतं. दुसऱ्याचं कुसळ दिसतं आणि आपलं मुसळ दिसत नाही म्हणतात. मी तर ते मुसळ घेऊन दोन वर्षं दादाला वाट दाखवत होतो. मध्यंतरापर्यंत मी काय वाजवलं ते मला आठवत नाही.

आतल्या खोलीत लिफ्टवाली वही काढून माझीच माफी मागायला लागली. तिच्या वहीत ठिकठिकाणी अकरा, तेरा असे आकडे होते. ती दादाची खुबी असणार असं समजून तिने ते टिपले होते, आणि आज ऐन वेळी आपणच बारा धरून बसलो म्हणून तिला वाईट वाटत होतं. दादाने तिला चहा आणायला पिटाळलं.

मी विचारलं, "कधीपासून?"

"ड्रमवाला गेल्यापासून. कधी अकराला वळतोस, कधी तेराला. मला आधी कळत नाही. तू वळलास की मी वळतो."

"सांगायचंस की."

"काय सांगू? तू ते ऐकून घरी जाऊन बसला असतास. मग दिवसभर काय केलं असतंस?" त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "मीसुद्धा दमलोय रे. तुझ्या बोटांवर नजर ठेवून ठेवून. दोन वर्षांत आज पहिल्यांदा डोळे मिटून वाजवलं, तेही दोनच गाणी."

मला त्याचा राग आला, स्वतःची लाज वाटली आणि त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. यातलं काहीच न करता मी बेसचा पट्टा खांद्याला लावला. म्हटलं, "आता माझ्याकडे बघायचं नाही. मी कुठेही गेलो तरी."

"बरं," तो म्हणाला. पण सवय कुठे जाते? उत्तरार्धातल्या पहिल्याच वळणावर त्याची मान माझ्याकडे फिरली. मी डोळे वटारले, तशी मान परत वळली आणि त्याने डोळे मिटून घेतले.

मी बुटाकडे बघत वाजवत होतो. दोन फेरे बरोबर जमले. तिसऱ्यात सातव्या घराशी आकडा निसटला तो निसटलाच. तेव्हा मी तळहात तारांवर ठेवला आणि बेस बंद केला. आठ, नऊ, दहा, काय असतील ती घरं माझ्याविना गेली. लिफ्टवालीने चमकून माझ्याकडे पाहिलं, पण पाय थांबवला नाही. दोघं एकाच क्षणी पहिल्या घरात आले. मधे फटसुद्धा नव्हती.

दादाचे डोळे मिटलेलेच होते. हात तारांवर तसाच ठेवून मी त्याच्याकडे बघत राहिलो.