कौतुक सिरिंजचं, कागद माझा

मी एक जुना मॉनिटर आहे. मित्रांनो, वर्गात बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो, तो मी नव्हे. मी रुग्णवाहिकेत राहतो. माझ्या वायरी छातीला चिकटवल्या, की आतलं हृदय कसं चाललंय ते मी पडद्यावर हिरव्या रेघेत दाखवतो आणि गुलाबी चौकटींच्या कागदावर छापतो. वेळ पडलीच, तर विजेचा झटका देऊन भरकटलेलं हृदय ताळ्यावर आणतो. एवढं सगळं मला येतं, आणि तरीही मी एका सिरिंजवर जळतो. तीही साधी, दहा मिलीची, सुईसुद्धा न लावलेली.

हसू नका. आधी ऐकून घ्या.

कारखान्यात मला टेबलावरून मुद्दाम पाडलं गेलं, पाण्याच्या फवाऱ्याखाली उभं केलं गेलं, तेव्हा कुठे माझ्या पाठीवर 'पास'चा शिक्का बसला. सिरिंजा साच्यातून हजारांनी बाहेर पडतात. त्यांना कोण पाडून बघतंय? सुरुवातीची वर्षं माझा थाट होता. मला घेऊन कुणाच्या दारात शिरलं, की लोक म्हणायचे, "मशीन आलं, मशीन आलं, सरका!" रुग्णवाहिकेतली ताई मला रोज पुसायची. ड्रायव्हरमामा मला उचलताना "चला साहेब" म्हणायचे.

मग ताई कुठल्याशा प्रशिक्षणाला गेली आणि तिथून सिरिंजचं वेड घेऊन आली.

काही माणसांचं हृदय अचानक सुसाट सुटतं. आतला विजेचा इशारा एका चुकीच्या वाटेवर गोल गोल फिरत राहतो. अशा माणसाला जरा मागे रेलून बसवायचं, रिकाम्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद जोर लावून फुंकायला सांगायचं, आणि लगेच आडवं करून पाय वर धरायचे. कधी कधी तेवढ्यानेच ती गोल फेरी तुटते. तुम्ही मात्र हे घरी करून बघू नका. माहीतगार माणूस जवळ हवा आणि माझ्यासारखा पडदा समोर हवा. हे मी जळून म्हणत नाहीये. बरं, थोडंसं जळूनही म्हणतोय.

त्या दिवशी सकाळी ताई माझ्यात कागदाचा नवा रोल घालत होती. हात माझ्याकडे, तोंड मामांकडे. "मामा, औषध नाही, सुई नाही, नुसती फुंकर! आहे की नाही गंमत?" त्या कौतुकाच्या भरात माझा रोल उलटा बसला. माझा कागद एकाच बाजूने छापला जातो, मित्रांनो. उलटा बसला, की कोराच बाहेर येतो.

दुपारी बोलावणं आलं. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीशी शिवणयंत्र, खुर्चीवर अर्ध्या शिवलेल्या कपड्यांचा ढीग. शिवणकाम करणारी बाई पलंगाला टेकून बसली होती आणि तिच्या गळ्याची शीर थडथड उडत होती. दारात सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"कपडे द्यायची तारीख आली, की हिची छाती धडधडते," सासूबाई म्हणाल्या. "चार वर्षं हेच चाललंय. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं ठणठणीत! डॉक्टरसुद्धा म्हणाले, मनाचं आहे."

बाईने डोळे मिटले.

ताईने वायरी लावल्या आणि मी मिनिटाच्या ठोक्यांचा आकडा दाखवला. एकशे ब्याण्णव. रक्तदाब ठीक होता, बाई शुद्धीवर होती. म्हणजे झटका नाही. मी मनातल्या मनात चडफडलो, कारण ताईचा हात सिरिंजकडे गेलाच होता. त्याआधी तिने माझं छपाईचं बटण दाबलं आणि माझ्यातून हातभर कोरा कागद बाहेर आला.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. घ्या, कौतुक करा अजून!

"अगं बाई, उलटा घातलाय वाटतं मी," ताई पुटपुटली. "जाऊ दे, आधी तुम्हाला बरं करू. ही सिरिंज धरा."

बाईने सिरिंज धरली, पण तोंडाला लावली नाही.

"आधी कागद," ती धापा टाकत म्हणाली. "ताई, हे थांबलं, की परत माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आधी कागद काढा."

इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कुणी काही मागितलंच नव्हतं. मी जुना आहे, माझ्या पोटात काही साठून राहत नाही. कागदावर उतरलं तेवढंच उरतं. आणि मी मघाशी खूश होत होतो!

ताईने झाकण उघडलं, रोल सरळ केला, झाकण बंद केलं. दहा सेकंद लागले असतील. मी जीव तोडून छापलं. दाट, एकमेकींना खेटून उभ्या रेघा.

"आता फुंका!"

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा बाईचा चेहरा लाल झाला, सिरिंजचा दट्ट्या जेमतेम हलला, मामांनी तिला आडवं करून पाय वर धरले. माझी रेघ क्षणभर सपाट झाली. मग एक ठोका. मग दुसरा. शहाऐंशी. तो क्षणही माझ्या कागदावर उतरला.

सासूबाई जवळ आल्या. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हे... हिचंच?"

"तुमच्या सुनेचंच, आजी," ताई म्हणाली. "मनाचं असतं, तर कागदावर असं आलं नसतं."

सासूबाईंनी खुर्चीवरचे कपडे उचलून बाजूला ठेवले आणि सुनेच्या चपला शोधायला लागल्या.

तो कागद पाहून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उपचार केले. पायाच्या शिरेतून बारीक तार नेऊन ती चुकीची वाट कायमची बंद केली. महिन्याभराने बाई ताईला भेटायला आली. सिरिंज तिने जपून ठेवली आहे म्हणे, शिवणयंत्राला तेल घालायला! ऐकून माझा जुना पोटशूळ उठला. तेवढ्यात ती हसत म्हणाली, "आणि तो कागद सासूबाईंनी कपाटात ठेवलाय. छपाई विटते म्हणून त्याच्या तीन झेरॉक्स काढल्यात. घरी कुणीही आलं, की आधी पाणी, मग कागद. 'बघा, एकशे ब्याण्णव! आणि आम्ही हिला नावं ठेवत होतो.'"

मित्रांनो, माझं आता वय झालंय. पडद्याचा एक कोपरा अंधुक दिसतो. सिरिंजवर मी अजून जळतो, ते काही सुटायचं नाही. एवढंच मागणं आहे, की ज्याच्याकडे कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही, त्याचंही झाकण रोज सकाळी एकदा उघडून कागद नीट बसलाय ना, ते बघत जा. आणि कुणी "छातीत धडधडतंय" म्हणालं, तर कागद निघेपर्यंत थांबू नका. आधी विश्वास ठेवा.