तगादा अर्ज

आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राला भिंती आहेत, वर स्लॅब आहे, पण दारं नाहीत. दोन वर्षं आत शेळ्या बसतात. मला सातवा महिना लागला होता आणि तपासणीसाठी शिरूर अनंतपाळला जायचं म्हणजे जीपमध्ये कोंबून घ्यायचं. मागच्या साली शिल्पावैनी त्याच जीपमध्ये बाळंत झाली. तिचं ओरडणं मी विसरले नाही. मला गावात नर्सबाई हवी होती, बस.

ग्रामसभेत जिल्ह्याचं पत्र वाचलं गेलं. राज्याची कर्जमर्यादा भरत आली आहे, तूर्त नवा खर्च नाही. तिकडं फाट्यावर सरकारी पैशानं स्वागतकमान मात्र चढत होती. आम्ही बायकांनी उपकेंद्राला दारं आणि नर्सबाई द्या असा विनंती अर्ज लिहून आणला होता. तेवढ्यात किराणा दुकानदार गुरुबसप्पा, गावाचे आप्पा, उभे राहिले. आप्पांनी सही केली की निम्मं गाव करतं.

"सरकार आधीच कर्जात बुडालंय," आप्पा म्हणाले. "आणखी काढा म्हणून मी सही करणार न्हाई. मी जन्मात कुणाचा रुपाया घेतला न्हाई."

झालं, अर्ज तसाच राहिला. माझा इतका संताप झाला की त्या दिवशी दोन भाकरी करपल्या.

मी गावच्या डाकघरात पोस्टमास्तर आहे. सोमवारी आप्पाच आले, मुदत भरलेलं किसान विकास पत्र पुन्हा गुंतवायला. खात्याची गोष्ट चारचौघांत काढायची नसते, पण तिथं आम्ही दोघंच होतो.

"आप्पा, हा पैसा कुठं जातो, ठाव हाय?"

"कुठं म्हंजे? पोस्टात."

"पोस्ट काय मडक्यात पुरून ठिवतंय? सरकारला जातो. तुमीच सरकारला कर्ज दिलंय, त्याचंच व्याज घेऊन राहिले."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "म्हंजे ते कर्ज कर्ज म्हंत्यात, त्यात माझं बी हाय?"

"हाव. माझं बी हाय."

"मंग देणाऱ्यानं विनंती कामून करायची?"

त्यांनी माझा पेन घेतला, माझ्या टेबलावर पडलेल्या अर्जावरचं 'विनंती' खोडलं आणि वर लिहिलं 'तगादा'. खाली एक ओळ जोडली: कर्ज वाढवा म्हणत नाही, आहे त्यात आधी दवाखाना करा, कमान मागून. मग ठसठशीत सही केली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाच्या सह्या झाल्या.

अर्ज द्यायला लातूरला जिल्हा परिषदेत आप्पा स्वतः माझ्यासोबत आले. आरोग्य विभागाच्या साहेबांनी मथळा दोनदा वाचला. "आपण कोण?"

"सावकार हाय साहेब. सरकारचा."

साहेब हसले नाहीत. दारांचं पुढच्या आराखड्यात आधी घेतो म्हणाले आणि तसं लिहून दिलं. तोवर नर्सबाई दर मंगळवारी येतील, जागा तेवढी तुम्ही द्या.

"माझं दुकान हाय की," आप्पा म्हणाले. 

मंगळवारी साखरेची पोती भिंतीला लावून मधे पलंग टाकला होता. बाहेर आप्पा गिऱ्हाइकांना परत पाठवत होते. दिवाळीतसुद्धा त्या माणसानं दुकान बंद ठेवलेलं नव्हतं. नर्सबाईंनी पोटावर यंत्र धरलं आणि त्यातून धडधड ऐकू आली, भराभर, एकसारखी. मला रडू आवरेना.

रडणं ऐकून दाराबाहेरून आप्पांचा घाबरा आवाज आला. "मंजू, ठीक चालू हाय न्हवं?"

"हाव आप्पा," मी म्हणाले. "चालू हाय."