जॉनची फांदी

गुरुनाथांनी फांदी कापली आणि करवत खाली ठेवली. लाल सफरचंदांनी भरलेल्या झाडावर ही एकच फांदी चिकूसारखी तपकिरी, खरबरीत फळं धरून बसली होती. रोग पसरायच्या आत कापलेली बरी. शेजारच्या सुवर्णाबाईंनी झाडांना फक्त पाणी घालायला सांगितलं होतं. पण देवगडात चाळीस वर्षं हापूसची कलमं बांधलेला माणूस अमेरिकेत, पार्सिपनीला मुलाकडे आला म्हणून गप्प बसतो होय!

ऑफिसमधून आलेली सून नेत्रा कुंपणाशीच थबकली.

"बाबा, ते रसेट होतं. इंग्लंडची जात, रंगच तसा असतो. जॉनकाकांनी स्वतः या झाडावर कलम केलेलं."

जॉन म्हणजे सुवर्णाबाईंचे यजमान. दोन वर्षांपूर्वी गेले. आणि बाई मुलीकडून तासाभरात परतणार होत्या.

वादळात मोडली म्हणून सांगू, असं नेत्रा म्हणाली. गुरुनाथांनी नकारार्थी मान हलवली. ऑगस्ट चालू होता, साल अजून सुटत होती. कापलेल्या फांदीवरचा एखादा डोळा काढून झाडाच्या सालीत भरता आला असता. त्यांनी फांदीचे कोंब ओल्या फडक्यात गुंडाळले आणि चाकू घेतला. पण ज्या थरथरीपायी धंदा सोडला, ती हातातून जाईना. पहिले दोन डोळे चिरताना फाटले. तिसरा हातात असताना गाडी आली.

त्यांनी काही लपवलं नाही. रोग समजून मी कापली, म्हणाले. सुवर्णाबाई कापल्या जागेकडे बघत राहिल्या. मग खाली पडलेलं एक तपकिरी फळ उचलून त्यांनी पदराला पुसलं, पण खाल्लं नाही.

"मला एक फोन करायचात, भाऊ."

गुरुनाथ पुन्हा डोळा चिरायला लागले, पण चाकू घसरला. बाईंनी हात पुढे केला.

"चाकू द्या. कुठे कापायचं ते सांगा."

ते सांगत गेले, त्या कापत गेल्या. डोळा सालीत नीट बसला. ब्रेडच्या पिशवीची पट्टी दोघांनी मिळून गुंडाळली.

"जगेल?"

"तीन आठवड्यांनी कळेल. तेव्हा पट्टी सोडायची. घाई झाली तर डोळा मरतो."

"मला नाही जमायचं ते."

गुरुनाथ पट्टीवरून बोट फिरवत राहिले. आल्या दिवसापासून त्यांनी परतीच्या तिकिटाचा जप लावला होता. अजून थोडं राहा म्हणून नेत्रानं किती विनवलं, ऐकलं नव्हतं.

"नेत्रा," ते झाडाकडे बघतच म्हणाले, "ते शनिवारचं तिकीट पुढं ढकल."