दुसऱ्या गटातली पंचबाई

फुटबॉलच्या सामन्यात बाई पंच असली तर आता कुणी वळून बघत नाही. पण ही बाई पंच असली की लोक मुद्दाम बघायला यायचे. खेळाडू कितीही अंगावर आले तरी ती जागची हलायची नाही. गल्लीत सगळे तिला शिट्टीबाई म्हणायचे आणि तीही खुशाल ओ द्यायची. तिच्या नवऱ्याचं घराखालीच चष्म्यांचं दुकान होतं. हरलेल्या संघाची माणसं दुकानासमोरून जाताना ओरडायची, "घरात एवढे चष्मे आणि बाईला दिसत नाही!" नवरा काच पुसता पुसता म्हणायचा, "तिचे डोळे मी स्वतः तपासलेत."

दोष निघाला तो डोळ्यांत नाही, श्वासात.

एका सामन्याच्या उत्तरार्धात ती चेंडूमागे धावत होती आणि एकाएकी हवा पुरेना. श्वास आत जायचा, पण तळाला पोचलाय असं वाटायचंच नाही. म्हणून ती आणखी जोरात घ्यायची, तर आणखी कमी पडायचा. बोटांना मुंग्या आल्या. समोर एकाने दुसऱ्याला सरळसरळ आडवं केलं, तिने शिट्टी तोंडाला लावली, आणि फुंकच निघाली नाही. त्या दिवशी मैदानावर जो गोंधळ झाला, तो तिने आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घालून ऐकून घेतला.

मग दवाखाने सुरू झाले. हृदय ठीक, फुप्फुसं ठीक, रक्त ठीक. एकाने दम्याचा पंप दिला, त्याने काडीचा फरक पडला नाही. शेवटच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पिशवीत घालून तिच्या हातात दिले. "तुम्हाला काहीही झालेलं नाही. मनाचं असतं असं कधीकधी."

घरी येऊन तिने ते सांगितलं, तेव्हा सासरे म्हणाले, "मनाचं असेल तर मन कुठे तपासून मिळतं, ते तरी विचारायचं होतंस, सूनबाई."

वरच्या दर्जाच्या सामन्यांच्या पंचांना दरवर्षी धावण्याची चाचणी द्यावी लागे. त्या वर्षी ती अर्ध्यातच गुडघ्यांवर बसली. पंचमंडळाने तिला हंगाम संपायच्या आत आणखी एक संधी दिली.

त्याच सुमाराला दुकानात एक बाई चष्म्याची काडी बदलून घ्यायला आली. पंचबाई नवऱ्याला चहा द्यायला खाली उतरली आणि उभ्या उभ्या त्याच्याशी चार शब्द बोलली. त्या बाईने काडीचं राहू दिलं आणि तिच्याकडेच बघत राहिली.

"राग मानू नका," ती म्हणाली, "पण तुम्ही दर वाक्यानंतर उसासा टाकता. काही दुःख आहे का?"

"आहे ना, हे काय दुकानात बसलंय," पंचबाई म्हणाली. नवरा हसला, पण ती बाई हसली नाही. तिने विचारलं, "जांभया फार येतात? बोटांना मुंग्या?"

पंचबाईच्या हातातली रिकामी बशी तशीच राहिली. आजवर तिने सांगायचं आणि दुसऱ्याने मान हलवायची, असं चाललं होतं. न सांगता ओळखणारं माणूस तिला पहिल्यांदा भेटत होतं.

ती बाई इस्पितळात फिजिओ होती. श्वासाची पद्धतच बिघडलेल्या लोकांवर तिचा अभ्यास चालू होता. फुप्फुसं धडधाकट, पण माणूस गरजेपेक्षा जास्त आणि नुसत्या वरच्या छातीने श्वास घेतो; शरीराला तीच सवय लागते आणि मग सतत हवा कमी पडल्यासारखं वाटतं. योग्य पद्धत पुन्हा शिकवली तर फरक पडतो का, किती पडतो, हे तिला तपासायचं होतं.

पंचबाईला तोंडावर श्वास मोजायचा मास्क लावून, छातीला आणि पोटाला पट्टे बांधून सायकलवर बसवलं. पडद्यावर दोन रेघा सरकत होत्या. पोटाची जवळजवळ आडवी झोपलेली, छातीची वेड्यावाकड्या उड्या मारणारी.

"ही तुमची," फिजिओ म्हणाली.

पंचबाई सायकलवरून उतरली आणि कितीतरी वेळ त्या रेघांकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं, पण ते आनंदाचंच होतं. काहीतरी झालेलं होतं! डोळ्यांना दिसेल असं झालेलं होतं.

मग फिजिओने अभ्यासाची रीत सांगितली. येणाऱ्यांचे दोन गट. पहिल्याला लगेच शिकवायचं, दुसऱ्याने काही महिने थांबायचं, मधल्या काळात त्यांची फक्त मोजमापं. मग दोन्हींची तुलना आणि त्यानंतर दुसऱ्यांनाही शिकवायचं. कोण कुठल्या गटात, हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. फिजिओलाही त्यात हात घालता येणार नाही.

पंचबाई दुसऱ्या गटात गेली. तिची चाचणी नेमकी त्या थांबायच्या महिन्यांत येत होती.

"हे बघा," फिजिओ म्हणाली, "तुम्ही आत्ता अभ्यासातून बाहेर पडू शकता. कारणसुद्धा सांगायला नको. उद्यापासून मी तुम्हाला शिकवते. मनापासून सांगतेय."

"मी गेले तर तुमचं काय होईल?"

"एक माणूस कमी होईल. आधीच काही गेलेत. थांबायला कुणाला आवडतं? पण ती माझी काळजी, तुमची नाही."

रात्री जेवताना घरात यावरच वाद झाला. नवरा चिडला होता. "अगं, समोरून शिकवते म्हणतेय ना ती? मग तुला कसलं एवढं पडलंय?"

"मला काहीही झालेलं नाही, असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ते वाईट नव्हते रे. त्यांच्यापुढे कुणी मोजून ठेवलेलं नव्हतं. आता कुणीतरी मोजतेय, आणि मी मध्येच उठून जाऊ?"

"आणि तुझी चाचणी?"

"खेळ सुरू झाल्यावर नियम बदलून मागणाऱ्यांना मी काय दाखवते, माहीत आहे ना तुला?"

"लाल कार्ड," सासरे ताटातून मान वर न करता म्हणाले. नवऱ्याने हात टेकले.

दुसऱ्या वेळीही ती चाचणीत नापास झाली. वरच्या यादीतून नाव गेलं. पुढचे महिने तिने शाळकरी पोरांचे सामने घेतले, छोट्या मैदानावर, जिथे फार धावावं लागत नाही. ज्या पोरांच्या बुटांच्या नाड्याही तिलाच बांधाव्या लागत, त्यांच्यापुढेही ती तितकीच ताठ उभी राहायची. घरी आल्यावर मात्र कधीकधी दार लावून बसायची. आपण मूर्खपणा केला का, हा प्रश्न तिला पडायचा. मोजमापाचा दिवस आला की ती निमूटपणे इस्पितळात जाऊन पट्टे बांधून घ्यायची.

शेवटी तिचीही पाळी आली. तिला वाटलं होतं, एवढी वाट पाहिली, आता झटपट बरं वाटेल. छे! एक हात छातीवर, एक पोटावर ठेवून नुसतं पडून राहायचं. नाकाने हळू घ्यायचा, त्याहून हळू सोडायचा, आणि हवा कमी पडतेय असं वाटलं तरी हावरटासारखा श्वास ओढायचा नाही. तेच सगळ्यात अवघड होतं. "बुडणाऱ्या माणसाला सांगताय, हातपाय मारू नकोस म्हणून," ती वैतागून म्हणायची.

"तुम्ही बुडत नाही आहात. तसं वाटतंय तुम्हाला. पुन्हा."

पडून जमलं, तर बसून बिघडलं. बसून जमलं, तर चालताना. भाजी चिरताना, फोनवर बोलताना, जिना चढताना ती स्वतःची चूक पकडायची. खांदे वर गेले की सासरे वर्तमानपत्राआडून "खांदे!" असं ओरडायचे. धावताना तर सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. एकदा ती मैदानाच्या कडेला बसून म्हणाली, "मला नाही जमणार." फिजिओ शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने पंचबाईच उठली.

पुढच्या हंगामाच्या चाचणीत अर्ध्यावर तेच झालं. हवा पुरेना, बोटं झिणझिणली. जुन्या सवयीने तोंड उघडलं. तिने ते मिटलं. वेग जरासा कमी केला, खांदे सोडले आणि श्वास बाहेर जाईल तेवढा जाऊ दिला. बाकीचे पुढे गेले. ती सगळ्यांच्या मागून आली, पण वेळेत आली. पंचमंडळाच्या माणसाने घड्याळ दोनदा बघितलं आणि मान डोलावली.

काही महिन्यांनी फिजिओने सगळ्यांना इस्पितळाच्या सभागृहात बोलावलं. पद्धत शिकलेल्यांपैकी बऱ्याच जणांना थांबलेल्यांपेक्षा चांगला फरक दिसला होता. अपेक्षेइतका मात्र नाही. ते तिने स्पष्ट सांगितलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक शिंपीणबाई उठली. "मला काहीच फरक पडला नाही. सगळं सांगितलं तसं केलं. अजून तसाच दम लागतो."

"तेही आम्ही लिहिलंय, ताई," फिजिओ म्हणाली. "का नाही पडला, ते मला आज माहीत नाही. पण पुढचा अभ्यास तुमच्यापासूनच सुरू करायचाय. याल?"

शिंपीणबाई खाली बसली. पंचबाई उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"पुन्हा कुठल्या तरी गटात टाकून थांबवून ठेवतील," शिंपीणबाई पुटपुटली.

"ठेवतील कदाचित," पंचबाई म्हणाली. "फार राग येतो. मी रोज चिडायचे. पाहिजे तर तुमच्याबरोबर येऊन बसेन. आज नाही पण, आज संध्याकाळी सामना आहे."

शिंपीणबाईने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग हात वर केला आणि फिजिओला विचारलं, "कधीपासून यायचं?"