फणसाच्या पाटावरून उठवलेला कार्ब्युरेटर

या पृथ्वीवर वेग नावाची जी काही चीज आहे, ती माझ्या श्वासातून जन्माला आली. मी नसतो तर माणूस अजूनही उंटावर बसून मस्कतहून निघाला असता आणि पुढच्या आठवड्यात रुस्ताकला पोहोचला असता. मित्रांनो, मी एक जुना कार्ब्युरेटर आहे. म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला पाजणारं ॲल्युमिनियमचं एक भांडं. दुधात पाणी मिसळणारे करतात तेच काम, फक्त मला त्याबद्दल कोणी पकडत नाही.

माझा जन्म अमेरिकेतला. आठ सिलिंडरच्या एका दांडग्या गाडीवर मला बसवलं. गाडीला दारं दोनच, पण बॉनेट इतकं लांब की एका घराचे वर्षाचे पापड वाळावेत. बरेच हात फिरून ती ओमानला आली आणि हिलाल नावाच्या हौशी ओमानी गृहस्थाची झाली. रुसैलला त्याचं गॅरेज आहे. कामगार त्याला अर्बाब, म्हणजे मालक म्हणतात. त्याच गॅरेजात संगमेश्वरकडचा शांताराम अठ्ठावीस वर्षं मेकॅनिक होता.

माझ्या आयुष्यात मला खरं ओळखलं ते शांतारामनं. माझा स्क्रू तो पाव फेरा फिरवी, डोळे मिटी आणि कान देई. "हं, आता बोलतोय नीट," एवढंच म्हणे. ओमानच्या उन्हात तापलेल्या इंजिनावर माझ्या पोटातलं पेट्रोल चहासारखं उकळायचं आणि गाडी बंद पडायची. त्यावर त्यानं उपाय केला. सुट्टीवरून येताना गावची फणसाची फळी आणली, तिला चार भोकं पाडली आणि इंजिन व माझ्यामध्ये बोटभर जाडीचा पाट बसवला. लाकडातून उष्णता वर येईना. मी पाटावर बसून काम करणारा ओमानमधला बहुधा एकमेव कार्ब्युरेटर असेन. गावचा जावईसुद्धा इतकी वर्षं पाटावर बसत नाही.

शांतारामची काम करायची एक रीत होती. अर्बाब काहीही सांगो, तो "हां अर्बाब" म्हणे. अर्बाब चहाला गेला की जे बरोबर असेल ते गुपचूप करून ठेवी. अर्बाबनं चुकीचं ऑइल सांगितलं, "हां अर्बाब," आणि इंजिनात गेलं बरोबर ऑइल. या पद्धतीनं अठ्ठावीस वर्षं सुरळीत गेली. गाडी पळत राहिली, आणि आपला एकही निर्णय आजवर चुकलेला नाही, अशी अर्बाबची प्रामाणिक समजूत झाली.

मग मी म्हातारा झालो. माझ्या पोटात पितळेचा एक पोकळ गोळा असतो, फ्लोट. पेट्रोलवर तरंगत राहणं एवढंच त्याचं काम. त्याला भोक पडलं आणि तो बुडू लागला. शांतारामनं दोनदा झाळून दिला. तिसऱ्यांदा गाडीनं काळा धूर सोडला, तोही अर्बाबच्या चुलतभावासमोर.

"खलास," अर्बाब म्हणाला. "शांता, नया लगाओ. जुम्मा को रुस्ताक में शादी है. गाडी बीच में रुकना नहीं. गाडी पहुँचा, तो तुम्हारा वीजा दो साल और. नहीं तो तुम भी आराम करो, मैं भी नया आदमी देखेगा."

शांतारामला ती दोन वर्षं हवीच होती. त्याची मुलगी अश्लेषा फार्मसी शिकत होती आणि बरोबर दोनच वर्षं उरली होती. माझी जागा घेणारा शोधण्याचं काम असं त्याच्याच गळ्यात पडलं.

स्पेअर पार्टवाला मजीद रत्नागिरीचा. त्यानं दोन कोरे कार्ब्युरेटर टेबलावर मांडले. एक सहाशेचा, एक साडेआठशेचा. मिनिटाला किती हवा ओढतो त्याचा हा आकडा. आमच्या इंजिनाला सहाशेचा पुरून उरला असता.

"शूफ, देखो शांता," अर्बाब मोबाइलवर चित्रण करत म्हणाला, "मेरा चाचा का बेटा का गाडी, सात सौ पचास. मेरा आठ सौ पचास. यल्ला, लगाओ!"

मजीदनं शांतारामला कोपरानं ढोसलं. "भाऊ, सांग ना त्याला."

"मी कशाला? माल तुझा, तू सांग."

"माल माझा आहे म्हणूनच मी नाय सांगणार. मोठा विकतोय तो मला कडू लागतोय काय?"

"हां अर्बाब," शांताराम म्हणाला.

मला खोलून फडक्यावर ठेवलं. साडेआठशेचा गडी माझ्या जागी बसवला. नवी गॅस्केट, नवी नळी, ॲक्सिलरेटरची तार, सगळं शांतारामनं देवाच्या मूर्तीला हात लावावा तसं लावलं. आणि बॉनेट बंद होईना. गडी माझ्यापेक्षा बोटभर उंच होता.

"नीचे लकडी क्या है? निकालो," अर्बाब म्हणाला.

मी फडक्यावरून ओरडलो. पण कार्ब्युरेटरचं ओरडणं म्हणजे थोडा पेट्रोलचा वास, तो गॅरेजात कोणाला येणार? शांतारामला मात्र माझ्याइतकंच कळत होतं. तो अर्बाबच्या चहाची वाट पाहत राहिला. पण त्या दिवशी अर्बाबनं चहा तिथंच मागवला.

पाट निघाला. बॉनेट बसलं. अंगणात गाडी अशी गरजली की शेजारच्या वखारीतले कामगार टाळ्या वाजवत आले. शांतारामनं कोणी बघत नाही असं पाहून मला आणि पाटाला फडक्यात गुंडाळलं आणि डिकीत ठेवलं.

जून महिन्यातला शुक्रवार, दुपारची नमाज झालेली. अर्बाब स्टीअरिंगवर, शेजारी शांताराम, मागून चुलतभावाची गाडी. रुस्ताकचे डोंगर दिसू लागले, चढ लागला आणि साडेआठशेच्या पोटात पेट्रोल उकळलं. गाडी दोनदा खोकली आणि थांबली. चुलतभाऊ मागून उतरला आणि मोबाइल काढून चित्रण करू लागला.

"अर्बाब," शांताराम म्हणाला, "पुराना वाला डिकी में है. लकडी भी है. धुआँ करेगा, पर पहुँचेगा. आधा घंटा दो."

"चाचा का बेटा देखता है. उसके सामने पुराना? नहीं."

तेव्हा अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा शांतारामनं मान वर केली. "अर्बाब, साडेआठशे ही गलत था. लकडी निकाला वो भी गलत."

अर्बाब रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला, लहान मुलासारखा. "तो पहले क्यों नहीं बोला, शांता? अट्ठाईस साल तुम हां बोला."

डिकीच्या अंधारात मला बॉनेट मिटल्याचा आवाज आला. शांतारामनं फोन करून ट्रक बोलावला.

गाडी रिकव्हरी ट्रकवर परत आली. आता तिच्यात कॉम्प्युटरवालं इंजिन बसणार आहे. त्यात ना कार्ब्युरेटर लागतो, ना कान देणारा मेकॅनिक. अर्बाब वाईट माणूस नाही. त्यानं शांतारामला मिठी मारली, खजुराचा डबा दिला आणि तिकीट काढून दिलं. शांतारामनं फोन लावला. "अश्लेषा, येतोय मी. कायमचाच." पलीकडून उत्तर आलं, "बरं झालं बाबा. तुमची तब्येत पण... मी बघते एखादी नोकरी." दोघंही हसले. तसलं हसणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

त्यानं मला साबणानं तीन वेळा धुतलं आणि बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवलं. पण पन्नास वर्षांचा पेट्रोलचा वास साबणानं जात नाही. विमानतळावर तपासणीवाल्यांनी मला बाहेर काढलं. पाट मात्र सोडला, तो साधं लाकूड निघाला. पोहोचवायला आलेल्या मजीदच्या हातात मला देताना शांताराम म्हणाला, "मजीदभाई, जरा सांभाळ हां याला."

मजीदनं शब्द पाळला. मस्कतमधल्या अल मवालेहच्या त्याच्या घरात बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणून त्याच्या बायकोनं, रहिमाभाभींनी, मला तिथं दाराला टेकू म्हणून लावलं आहे. गेल्या आठवड्यात कळलं, अश्लेषा औषधांच्या दुकानात उभी राहते. अभ्यासक्रम अर्धा राहिला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना सांभाळा, त्यांना समजणाऱ्या माणसांना त्याहून जास्त सांभाळा. आणि जे चूक आहे ते वेळेवर, तोंडावर, स्पष्ट सांगा. एका "नाही"नं एक गाडी, एक मेकॅनिक आणि एका मुलीचं शिक्षण वाचलं असतं. मी हे पोटतिडकीनं सांगतो आहे, जरी माझ्या पोटात आता फक्त एक गंजलेला स्क्रू आणि मजीदच्या धाकट्या अरहमनं टाकलेल्या बोरांच्या बिया आहेत.

एवढं ऐकलंत, तर आणखी एकच. बाल्कनीत जाताना दार पायानं ढकलू नका.